चित्रपटगृहाच्या दारातील बालप्रेक्षक

लहान मुलांना चित्रपटगृहात मज्जाव असावा काय, हा प्रश्न वरचेवर उपस्थित होतो. १९५२ च्या चलचित्र अधिनियमान्वये ‘ए’ प्रमाणपत्राच्या चित्रपटास १८ वर्षांखालील मुलास प्रवेश देणारा चित्रगृहचालक शिक्षेस पात्र ठरतो. ‘यूए’ची गोष्ट निराळी. २०२३ च्या दुरुस्तीने त्यात ७, १३ व १६ वर्षे असे तीन टप्पे पाडले. परंतु ते पाळणे पालकांच्या विवेकावर सोपविले. द्वारपालास तेथे हरकत घेता येत नाही. तिकीट काढताना नटांची नावे वाचली जातात, हा आकडा क्वचितच! जानेवारी २०२५ मध्ये तेलंगण उच्च न्यायालयाने १६ वर्षांखालील मुलांना रात्री ११ नंतर प्रवेश नाकारण्याचा अंतरिम आदेश दिला. पुढे तो शिथिल झाला. पालकसभेत शिक्षकांनी या आकड्यांचा अर्थ समजावून दिल्यास कायद्याचा हेतू घरापर्यंत पोहोचेल.