नाडी अठ्ठेचाळीस दिसते तेव्हा

कोरोनाच्या साथीत घराघरांत आलेला ऑक्सिमीटर अजून कुठल्या तरी ड्रॉवरमध्ये पडून आहे. ऑक्सिजन बघायचं कारण संपलं, पण बोटाला लावला की नाडीचाही आकडा दिसतोच. सोलापूरच्या नवी पेठेत गल्ल्यावर बसलेली, साठी ओलांडलेली माणसं दुपारी गिऱ्हाईक नसताना तो लावून बघतात आणि ४८ दिसलं की घाबरून जातात. त्याच पेठेत जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी आली तरी ‘ऊन फार आहे’ म्हणून सोडून देणारेही आहेत. दोघांचीही गफलत एकच. आकडा आणि त्रास जोडीने बघायचे असतात, आणि ते सुटे सुटे बघितले जातात.

स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाची नाडी मिनिटाला ६० ते १०० असावी, असं पुस्तक सांगतं. पण तालमीत वर्षानुवर्षं घाम गाळलेल्या पैलवानाची नाडी ४८ असेल आणि त्याला काहीच होत नसेल, तर तो त्याच्या हृदयाचा दमदारपणा आहे. गाढ झोपेत तर अनेकांची नाडी पन्नासच्या खाली उतरते. उलट सत्तरीतल्या माणसाची नाडी ४२ आहे, चार पावलं चालून धाप लागते, उभं राहताना तोल जातो, तर ते म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं लक्षण नव्हे.

त्यात ऑक्सिमीटर आणि घरचं बीपीचं यंत्र हृदयाचे ठोके मोजत नाहीत, बोटापर्यंत किंवा दंडापर्यंत पोचलेल्या लाटा मोजतात. मधूनच एखादा ठोका वेळेआधी पडतो. तेव्हा हृदय पुरतं भरलेलं नसतं, म्हणून त्याची लाट मनगटापर्यंत येतच नाही. नंतर जरा थांबून पुढचा ठोका जोरात बसतो. छातीत ‘धस्स’ होतं ते हे. असा प्रत्येक दुसरा ठोका अवेळी पडला तर हृदय मिनिटाला ७६ वेळा आकुंचन पावतं आणि बोटावरचं यंत्र ३८ दाखवतं. म्हणजे हृदय मंद नाहीच, ते अनियमित आहे! हे अवेळी ठोके निरोगी माणसांतही पडतात. जागरणानंतर किंवा चहा-तंबाखू जास्त झाल्यावर काहींना ते जास्त जाणवतात. म्हणून यंत्र बाजूला ठेवावं, अंगठ्याच्या खाली मनगटावर दोन बोटं टेकवावीत आणि घड्याळ बघत पूर्ण एक मिनिट मोजावं. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणलं की अनियमितपणा निसटतो. ठोके ठेक्यात पडतात, मधूनच एखादा गळतो, की कशाचा कशाला मेळच नाही, हे बोटांना कळतं. खात्री मात्र ईसीजीच्या कागदावरच होते.

आमच्या ओळखीच्या एका कापड दुकानात एक जुने सेल्समन आहेत. माळ्यावरून चादरींचा गठ्ठा काढायला शिडी चढले आणि अर्ध्यातूनच खाली उतरून बाकावर टेकले.

“काय झालं मामा?”

“काही नाही मालक, जरा गरगरलं.”

मालक तरुण, पण त्याने सरबत पाजून वेळ मारून नेली नाही. रिक्षा बोलावून थेट दवाखान्यात नेलं. ईसीजीत दिसलं ते असं: हृदयाचे वरचे कप्पे मिनिटाला ८० वेळा हलत होते, खालचे ३६ वेळा, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध तुटलेला. ठोक्याचा संदेश उजव्या वरच्या कप्प्यातल्या सायनस नोडमधून निघतो. हा नोड आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी १९०७ साली जगापुढे मांडला. संदेश खाली उतरण्याची वाट त्याच्या आदल्या वर्षी जर्मनीत काम करणाऱ्या सुनाओ तावारा या जपानी डॉक्टरने दाखवली होती. मामांची ती वाटच बंद पडली होती. तिला गोळी नाही, पेसमेकर लागतो.

मात्र प्रत्येक मंद नाडीला पेसमेकर लागत नाही. आधी औषधांची पिशवी टेबलावर रिकामी करावी. बीपीच्या काही गोळ्या नाडी मंदावतात. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे टिमोलॉलचे थेंबही मंदावतात, आणि डोळ्यांचं औषध हृदयाच्या डॉक्टरांना सांगायचं कुणाच्या लक्षातच येत नाही. थायरॉइड कमी असेल, रक्तात पोटॅशियम वाढलं असेल, तरी हेच होतं. सोलापूरचा पारा ४३-४४ वर गेला की अंगातलं पाणी आटतं आणि बीपीच्या त्याच गोळ्यांनी चक्कर येऊ शकते. पण म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. डॉक्टरांना विचारून डोस बदलून घ्यायचा.

सगळ्यांत अवघड म्हणजे मंद नाडी आणि बेताल धावणारी नाडी, ही दोन्ही दुखणी एकाच अंगात असणं. तासभर नाडी १४० ने बेताल धावते, मग दोन-तीन सेकंद हृदय थांबतं आणि पुढे ४० वर रेंगाळतं. धावणारी नाडी आवरायला गोळी द्यावी तर मंद नाडी आणखी मंदावते, म्हणून अशा रुग्णाला अनेकदा पेसमेकर बसवून मगच गोळी देतात. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं पूर्ववत झालेलं असतं, म्हणून चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर नावाचं यंत्र अंगावर लावतात. नॉर्मन होल्टर यांचं १९४० च्या दशकातलं यंत्र पाठीवर वाहायचं होतं आणि ३८ किलोंचं होतं; आज ते खिशात मावतं. चक्कर कधी आली, धडधड कधी झाली, ती वेळ वहीत टिपली नाही तर होल्टरचा निम्मा उपयोग वाया जातो. बेताल धावण्यात खरा धोका गुठळीचा असतो. वरच्या कप्प्यात रक्त साचतं, गुठळी मेंदूत जाते आणि अर्धांगवायू होतो. म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी देतात. ती वॉरफरिन असेल तर मेथी, पालक सोडायचे नाहीत. आठवड्याचं प्रमाण सारखं ठेवायचं आणि आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची चाचणी, करत राहायचं.

पेसमेकरची भीती अजूनही फार आहे. पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्टॉकहोममध्ये आर्ने लार्सन यांच्या शरीरात बसवला. तो काही तासांतच बंद पडला. पुढे वीसहून अधिक यंत्रं बदलत ते २००१ पर्यंत, ८६ वर्षं जगले. तो बसवणारे सर्जन ओके सेनिंग आणि बनवणारे इंजिनिअर रुने एल्मक्विस्ट त्यांच्या आधी गेले. आजची बॅटरी साधारण आठ ते बारा वर्षं टिकते. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत पेसमेकर बसवण्याचा समावेश आहे. पैशांच्या धास्तीने घरी बसण्याआधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारावं.

मामांना सांगितलेलं पथ्य साधं होतं. चार ते सहा आठवडे पेसमेकर बसवलेल्या बाजूचा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, म्हणजे वरच्या फळीवरचा माल दुसऱ्याने काढायचा. मोबाइल शर्टाच्या डाव्या खिशात ठेवायचा नाही, यंत्रापासून वीतभर लांब आणि उलट्या कानाला धरायचा. घरात इंडक्शनची शेगडी असेल तर दोन फूट अंतर. आता ते पुन्हा दुकानात उभे राहतात. शिडी मात्र मालकाने त्यांना चढू दिलेली नाही, आणि ते बरं केलं.

एक गोष्ट घरात आधीच बोलून ठेवावी लागते. अंत्यसंस्काराआधी पेसमेकर काढून घ्यावा लागतो, कारण चितेत बॅटरी फुटते. असे काढलेले, पुरेशी बॅटरी उरलेले ५३ पेसमेकर अमेरिकेतल्या कुटुंबांनी दिले आणि ते निर्जंतुक करून मुंबईच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये गरीब रुग्णांना बसवले गेले. त्यांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. एकालाही जंतुसंसर्ग झालेला नव्हता.