विश्लेषण : ‘कॉम्पॅक्ट’ जुनिपर पायवाट का अडवते? घरापुढे लावताना काय पाहावे?

अमेरिकेतील उपनगरांत घरापुढे, खिडकीखाली किंवा पायऱ्यांच्या कडेला जुनिपरचे झुडूप हमखास दिसते. ते बारा महिने हिरवे राहते, एकदा रुजले की पाणी कमी लागते आणि हरणेही त्याला सहसा तोंड लावत नाहीत. तिकडे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांना नव्या घराबरोबर ही झुडपे आयतीच मिळतात. पण लहान म्हणून लावलेले रोप काही वर्षांत पायवाट अडवते आणि छाटायला गेले तर कायमचे बोडके होते. असे का घडते?

जुनिपर म्हणजे नेमके काय?

सायप्रस कुळातील ही सदाहरित, सूचिपर्णी वनस्पती आहे. तिच्या ५० हून अधिक प्रजाती आहेत. ‘जिन’ या मद्याला स्वाद देणारी फळे यातल्याच एका प्रजातीची. आयुर्वेदात ती ‘हपुषा’ म्हणून ओळखली जाते. लडाखमध्ये जुनिपरला ‘शुक्पा’ म्हणतात आणि त्याचा धूप जाळतात. बागेत लावले जाणारे निळसर ‘ब्लू स्टार’ हा तर हिमालय आणि चीनमध्ये वाढणाऱ्या प्रजातीचाच बुटका वाण आहे.

‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे किती लहान?

येथेच फसगत होते. हा शब्द मूळ वाणाच्या तुलनेत वापरला जातो. ‘फिट्झर’ हा जुना, लोकप्रिय वाण १० फुटांपर्यंत पसरतो. त्याच्या ‘कॉम्पॅक्ट’ प्रकाराचा पसाराही सहा फुटांच्या घरात जातो. ‘सी ग्रीन’ सहा ते आठ फूट रुंद होते. जमिनीसरशी पसरणाऱ्या ‘ब्लू रग’ची उंची जेमतेम सहा इंच, पण रुंदी मात्र सहा ते आठ फूट. खऱ्या अर्थाने लहान राहणारे म्हणजे ‘ब्लू स्टार’. त्याची उंची दोन ते तीन फूट, पसारा तीन ते चार फूट आणि वाढही अतिशय संथ. म्हणून कुंडीतले रोप किती गोंडस दिसते यापेक्षा लेबलवरची पूर्ण वाढीनंतरची रुंदी महत्त्वाची. तिच्या निम्मे अंतर पायवाटेपासून सोडावे. म्हणजे सहा फूट पसरणारे झुडूप कडेपासून किमान तीन फूट आत हवे.

छाटून लहान ठेवता येत नाही का?

फारसे नाही. जास्वंद किंवा मेंदी बुडख्यापर्यंत छाटली तरी नवे धुमारे फुटतात. जुनिपरच्या पाने नसलेल्या जुन्या लाकडावर सुप्त डोळे जवळपास नसतात. झुडपाच्या आत, जिथे ऊन पोहोचत नाही, तो भाग तपकिरी आणि निष्पर्ण असतो. छाटणी तिथपर्यंत गेली की पडलेले भगदाड भरत नाही. त्यामुळे कात्रीने सपाट कापण्याऐवजी वसंताच्या सुरुवातीला एकेक लांब फांदी, वरच्या फांदीच्या आडोशाला, हिरव्या भागातच कापावी.

लागवड कशी करावी?

रोज किमान सहा तास थेट ऊन हवे. सावलीत झुडूप विरळ होते. पाणी साचणारी जमीन सर्वांत घातक, कारण मुळे कुजतात. खड्डा मुळांच्या गड्ड्याच्या दुप्पट रुंद घ्यावा, पण गड्ड्यापेक्षा खोल नको. कुंडीत गोल फिरलेली मुळे मोकळी करावीत. भुशाचे किंवा सालीचे आच्छादन दोन-तीन इंच पुरे, तेही खोडापासून दूर. पहिल्या वर्षी माती वाळू लागली की खोलवर पाणी द्यावे. फांद्यांना लोंबणाऱ्या, काडीकचऱ्याच्या पिशव्या दिसल्या तर ते फळ नव्हे. त्या ‘बॅगवर्म’ अळ्यांच्या पिशव्या असतात. हिवाळ्यातच त्या तोडून नष्ट कराव्यात. घराजवळ सफरचंदाचे झाड असेल तर तांबेऱ्याचा धोका असतो. या बुरशीचे जीवनचक्र जुनिपर आणि सफरचंद या दोहोंवर मिळून पूर्ण होते.

भिंतीला लागून का लावू नये?

जुनिपरमध्ये तेल आणि राळ असते. आत साचलेल्या वाळक्या पानांमुळे ते चटकन पेट घेते. वणव्याचा धोका असलेल्या कॅलिफोर्नियासारख्या भागात घराभोवतीच्या पहिल्या पाच फुटांत पेटणारे काहीच असू नये, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे. खिडकीखालचे जुने जुनिपर अशा ठिकाणी काढून टाकणेच शहाणपणाचे.

महाराष्ट्रात ते जगेल का?

आपल्याकडे जुनिपर बहुधा बोन्साय किंवा कुंडीतले रोप म्हणून येते आणि दिवाणखान्यात ठेवले जाते. तिथेच ते दगावते. हे घराबाहेरचे झाड आहे. त्याला ऊन आणि खेळती हवा लागते. कोकणातला दमट पावसाळा त्याला मानवत नाही. पुणे, नाशिकच्या कोरड्या हवेत, निचरा होणाऱ्या मातीत, गच्चीवर ते तग धरू शकते. मात्र एक लक्षात ठेवावे : मुळे मेल्यानंतरही जुनिपर कित्येक आठवडे हिरवेच दिसते. पान पिवळे पडण्याची वाट न पाहता बोटाने माती तपासूनच पाणी द्यावे.