गाडी का तापते हे शोधायचंय? मग ती कुठे तापते ते आधी बघा

बॉनेटमधून वाफ निघाली की गॅरेजमध्ये पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : "रेडिएटर गेला." कधी तो खरंच गेलेला असतो. पण नवा रेडिएटर बसवून, हजारो रुपये मोजून पुढच्या रविवारी तीच गाडी त्याच चढावर पुन्हा तापली, असंही होतं. इंजिन तापणं हे फक्त लक्षण. त्यामागचे आजार पाच-सहा असतात, आणि त्यातला आपला कुठला हे गॅरेजला जायच्या आधीच बरंचसं ओळखता येतं.

नवी मुंबईत हा प्रश्न जरा जास्तच पडतो. नाशिकला बनणारी नवी थार 2 ऑक्टोबर 2020 ला बाजारात आली आणि खारघर-पनवेलच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये फोर बाय फोर गाड्या नेहमीच्या झाल्या. थार, जिम्नी, गुरखा, जुन्या जिप्सी. सोमवार ते शुक्रवार ठाणे-बेलापूर रोड, रविवारी चिखल. खाली जे सांगतोय तो कुठल्या एका मॉडेलचा दोष नाही, या सगळ्यांना लागू आहे.

इंजिन थंड राहतं कसं?

इंधन जळून जी उष्णता तयार होते, तिच्यातली ढोबळमानाने एक तृतीयांशच गाडी ओढायला कामी येते. तेवढीच सायलेन्सरमधून बाहेर जाते. उरलेली काढून घ्यायचं काम कूलंटचं. वॉटर पंप कूलंट फिरवतो, रेडिएटरमध्ये तो हवेने थंड होतो आणि परत इंजिनात जातो. म्हणजे दोन प्रवाह आले : आत कूलंटचा, बाहेर हवेचा. गाडी तापली की प्रश्न एवढाच, यातला कुठला अडलाय?

याचं उत्तर रस्ता देतो.

ट्रॅफिकमध्ये तापते, पामबीचवर थंड होते

वाशीच्या टोलनाक्यापाशी गाडी अडकली, एसी चालू आहे, काटा हळूहळू वर चाललाय. मग पामबीचला लागलात, साठच्या वेगाने दोन-तीन किलोमीटर गेलात आणि काटा आपोआप खाली आला. अशा वेळी संशय हवेवर घ्या. वेगात असताना समोरून भरपूर वारा मिळतो, पंख्याची फारशी गरज नसते. उभ्या गाडीला मात्र पंख्याशिवाय कुणी नाही.

तपासणी सोपी आहे. गाडी उभी करून इंजिन आणि एसी चालू करा. बहुतेक गाड्यांत थोड्याच वेळात रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा फिरायला लागतो. नाही फिरला तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने तपासायला सांगा. काही रुपयांच्या फ्यूजपायी रेडिएटर बदलला जाऊ नये. हात मात्र लांब ठेवा, हा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो.

चिखल आणि कुसळं

पंखा ठीक आहे, तरी कमी वेगात गाडी तापते? मग रविवारचा हिशोब काढा. पावसाळ्यात भातशेतीच्या बाजूचा चिखल आणि उन्हाळ्यात माळावरची कुसळं रेडिएटरच्या बारीक पात्यांत जाऊन बसतात. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो. समोरून पाहिलं तर तो स्वच्छ दिसतो, पण चिखल या दोघांच्या मधल्या फटीत वाळून बसलेला असतो. वॉशिंग सेंटरला धुतलेली चकचकीत गाडी म्हणूनच फसवते.

धुताना इंजिन पूर्ण थंड हवं. पाणी साध्या पाइपने, कमी जोराने, शक्यतो इंजिनाच्या बाजूकडून पुढे मारायचं म्हणजे घाण आली त्याच वाटेने बाहेर जाते. प्रेशर वॉशर जवळून मारला तर पाती आडवी होतात आणि हवेची वाट कायमची बंद होते.

हौसेची उपकरणंही इथे नडतात. लोखंडी बंपर, विंच, लाइटची रांग हे सगळं नेमकं हवेच्या वाटेत बसतं. (बुल बार तर नियमातही बसत नाहीत. डिसेंबर 2017 मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना त्यांच्यावर कारवाई करायला सांगितलं होतं.) मोठ्या टायरमुळे इंजिनावर भार वाढतो तो वेगळाच.

चालवण्याची पद्धतही पाहा. खोल चिखलात फोर-हायमध्ये रेटत राहिलं तर इंजिन आणि क्लच दोघांवर ताण येतो. अशा जागी फोर-लो वापरायचा. आणि जळका वास आला पण काटा जागेवर आहे, तर बहुतेक क्लच जळतोय.

पामबीचवर ठीक, घाटात तापते

कळंबोलीहून एक्स्प्रेसवेला लागलात, खोपोलीपर्यंत काही नाही, पण खंडाळ्याचा चढ सुरू झाला की काटा वर. इथे वेगामुळे वारा मिळतोय, म्हणजे आता कूलंटचा प्रवाह तपासायचा. कूलंट कमी आहे का, रेडिएटरच्या नळ्या आतून गंजाने भरल्यात का, पंपाचा बेल्ट सरकतोय का, खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होतोय का. रेडिएटर बदला असं कुणी म्हणालं तर इन्फ्रारेड थर्मामीटरने त्याच्यावरचं तापमान मोजायला सांगा. मधेच मोठे थंड पट्टे सापडले तर तिथे कूलंट पोचत नाही, मग खर्च योग्य.

सकाळी सुरू केल्यावर दहा मिनिटांतच तापते

इथे पहिला संशय थर्मोस्टॅटवर. इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणारी ही झडप साधारण 82 ते 90 अंशांना उघडते. ती बंद अवस्थेत अडकली की वरचा पाइप कढत आणि खालचा थंडच राहतो. थर्मोस्टॅट काढून गरम पाण्याच्या पातेल्यात टाकला की उघडतो की नाही ते डोळ्यांनी दिसतं.

"आपल्याकडे एवढी गरमी, थर्मोस्टॅट काढूनच टाका" हा सल्ला मात्र ऐकू नका. इंजिन गार राहून डिझेल-पेट्रोल जास्त खातं, आणि काही इंजिनांत तर कूलंट रेडिएटरला वळसा घालून फिरत राहतो, म्हणजे गाडी उलट जास्त तापते.

दुसरा संशय महागडा : हेड गॅस्केट. गळती कुठे दिसत नाही पण कूलंट कमी होतोय, सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येतोय, कूलंटच्या टाकीत बुडबुडे येतायत, डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ चहासारखं झालंय. यातलं काहीही दिसलं तर गाडी चालवू नका, टो करा. आजच्या बहुतेक इंजिनांचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असतं. ते वाकलं की काम गॅस्केटवर भागत नाही, हेड उतरवून फेसिंग करावं लागतं आणि खर्च कितीतरी पटीने वाढतो.

काटा वर गेला तर त्या क्षणी काय?

एसी बंद. हीटर फुल, ब्लोअर फुल. मे महिन्यात हे करणं शिक्षाच आहे, पण हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा छोटा रेडिएटरच, तो इंजिनातली थोडी उष्णता ओढून घेतो. तरी काटा उतरला नाही तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. वाफ येत असेल तर बॉनेटही लगेच उघडू नका.

आणि कॅपला हात लावायचा नाही. ही यंत्रणा बंद असते, आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण एक बारने जास्त असतो. त्या दाबामुळे आतलं पाणी 120 अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. कॅप फिरवली की दाब जातो, 110 अंशांचं पाणी एका क्षणात उकळून फवारा उडतो आणि चेहरा-हात भाजतात. अर्धा-पाऊण तास तरी थांबा. पाइप हाताला गार लागला तरच जाड फडकं धरून कॅप हळू उघडा. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो.

एक फसवणूक लक्षात असू द्या. लाल खुणेपाशी गेलेला काटा अचानक एकदम खाली आला तर सुटकेचा नि:श्वास टाकू नका. कूलंट संपून सेन्सर कोरडा पडला तरीही काटा असाच पडतो.

अडचणीत बाटलीतलं साधं पाणी चालतं, पण घरी आल्यावर ते काढून कंपनीच्या पुस्तिकेत सांगितलेला कूलंट भरा. नवी मुंबईत बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हे गणित चुकीचं आहे. तो उकळबिंदू वाढवतो आणि आतला गंज थांबवतो. हिरवा की गुलाबी यावरून प्रकार कळत नाही, त्यामुळे रंग जुळवून मिसळू नका. गॅरेजला गेल्यावर गाडी कुठे तापली, एसी चालू होता का आणि किती कूलंट भरावा लागला, हे तिन्ही सांगा आणि कुठलाही पार्ट बदलण्याआधी प्रेशर टेस्ट करून घ्या. तपासणी तुमच्यासमोर होऊ द्या.