लाईट आल्यावर

बिडाच्या कास्टिंगसाठी लागणारा लाकडी पॅटर्न माझ्या छोट्या सीएनसीवर निघायला पावणेदोन तास लागतात. बीड थंड होताना आकसतं, म्हणून मीटरमागे साधारण १० मिलिमीटर वाढीव माप धरायचं, हे इथल्या जुन्या पॅटर्नवाल्यांनी शिकवलं. बाकीचं यंत्र बघतं. माझ्याकडे एकच काम उरलं होतं, ट्रिमर चालू-बंद करण्याचं.

सनमायक्याच्या कडा मारायला सुतार वापरतात तोच हा ७१० वॉटचा ट्रिमर, क्लॅम्पमध्ये आवळलेला. तो आहे की नाही, हे कॉम्प्युटरला कळत नाही. जॉब संपला तरी तो मिनिटाला वीस-पंचवीस हजार फेरे घेत किंचाळत राहायचा. एकदा तर मी चालूच करायला विसरलो. न फिरणारी बिट सागवानात घुसली आणि मोडली.

माझं यंत्र चालतं ते आर्डुइनोवरच्या जीआरबीएलवर. सिमेन स्वाले स्कॉग्सरूड या नॉर्वेच्या माणसाने २००९ मध्ये सुरू केलेली ही मोफत प्रणाली. तिच्यात स्पिंडलसाठी एम-३ हा हुकूम आहे, पण तिथून वेग सांगणारे तुटक स्पंद येतात. मला हवं होतं निव्वळ चालू आणि बंद. ते कूलंटच्या एम-८ आणि एम-९ मध्ये मिळतं. पाण्याचा पंप माझ्याकडे नाहीच, म्हणून कूलंटची पिन रिलेमार्फत ट्रिमरला दिली. एम-८ नंतर जी-४ पी-४ लिहिलं, म्हणजे चार सेकंद थांब. ट्रिमर पूर्ण वेगात आला की मगच बिट खाली उतरते.

मधला रिले आधी निळ्या डबीचा, दहा अँपिअरचा होता. ट्रिमर घेतो जेमतेम तीन अँपिअर, पण उठताना मोटर क्षणभर कितीतरी जास्त करंट ओढते. तिसऱ्या आठवड्यात रिलेचे पॉइंट चिकटले. एम-९ गेला, आणि ट्रिमर फिरतच राहिला. मग २५ अँपिअरचा सॉलिड स्टेट रिले आणला, जाड ॲल्युमिनियमच्या हीटसिंकवर बसवला. तोही बिघडतो तेव्हा बहुधा शॉर्ट होऊनच बिघडतो, म्हणजे चालूच राहतो. हे लक्षात ठेवूनच पुढचं सगळं केलं.

पण खरा धडा लाईट गेली तेव्हा मिळाला. ट्रिमर सरकवणाऱ्या मोटरी थांबल्या, ट्रिमर थांबला. लॅपटॉप मात्र बॅटरीवर, आणि त्याच्या यूएसबीवर आर्डुइनो जागा. तो आपले हुकूम पाळत पुढे गेला. मिनिटभराने लाईट आली, ट्रिमर आपोआप गरजला आणि बिट भलत्याच जागी लाकूड खाऊ लागली. माझा हात तेव्हा भुसा झाडायला टेबलावर होता. बोटं वाचली, पॅटर्न गेला.

यावरचा उपाय इथल्याच पेठेत होता. शाहू महाराजांनी कोल्हापुरात १८९५ मध्ये वसवलेली शाहूपुरी ही मुळात गुळाची पेठ. गुळामागे ऊस, उसामागे नदीवरची मोटर, आणि मोटरीला स्टार्टर. चुलत्यांच्या मळ्यात तो मी लहानपणापासून बघतोय. लाईट गेली की त्याची नो-व्होल्ट कॉइल सुटते, आणि हिरवं बटण पुन्हा दाबल्याशिवाय मोटर लागत नाही. रात्री-अपरात्री नदीवर जायला लागू नये म्हणून शेतकरी वर ऑटो स्विच बसवतो. मला नेमकी त्याच्या उलट गरज होती.

पेठेतल्या दुकानदाराला सांगितलं, तसा तो म्हणाला, “म्हणजे ऑटो काढून पायजे म्हणा की.” बटणांचा कॉन्टॅक्टर त्याने काउंटरवर ठेवला. आता ट्रिमर आणि त्याला सरकवणाऱ्या मोटरी, दोन्हींची लाईन त्यातून जाते. शेजारी लाल मश्रूम बटण आहे. रिले चिकटो की शॉर्ट होवो, ते दाबलं की सगळं मरतं. लाईट आली तरी हिरवं बटण माझ्याच हाताने दाबायचं, तेही बिट वर घेऊन आणि शून्य पुन्हा लावून.

ट्रिमरचा स्वतःचा स्विच आता कायम चालू असतो. म्हणून बिट बदलताना बटणावर विसंबत नाही. प्लग सॉकेटमधून काढतो, डोळ्यांसमोर टेबलावर ठेवतो, आणि मगच कोलेटला पाना लावतो.