दाबलेलं बटण सर्व्हरला कळतं कसं?

ऑनलाइन अर्जाच्या तळाशी बरेचदा दोन बटणं असतात: ‘मसुदा जतन करा’ आणि ‘अर्ज सादर करा’. दोन्ही एकाच फॉर्मची आणि सबमिट प्रकारची. फॉर्म नेहमीच्या पद्धतीने पाठवला की ब्राउझर रकान्यांतल्या मजकुरासोबत दाबलेल्या बटणाचं नाव आणि मूल्यही सर्व्हरला कळवतो. दुसऱ्या बटणाचा उल्लेखही करत नाही. पुढे काय करायचं ते सर्व्हर त्यावरूनच ठरवतो.

फोटो किंवा पीडीएफ जोडायची असेल तर माहिती मल्टिपार्ट स्वरूपात जाते. प्रत्येक रकाना आणि फाइल यांचा स्वतंत्र तुकडा, आणि दोन तुकड्यांमध्ये एक खूण. ही पद्धत १९९५ची. अजॅक्स हे नाव २००५चं, जेसी जेम्स गॅरेट यांनी दिलेलं. त्यात पान पुन्हा लोड न करता जावास्क्रिप्टच माहिती पाठवते, आणि ब्राउझर मुकाट्याने करत असलेलं काम प्रोग्रॅमरच्या गळ्यात पडतं.

घोळ होतो तो इथे. फॉर्मवरून ‘फॉर्मडेटा’ तयार केला की त्यात रकाने येतात, फाइल येते, बटण येत नाही. अर्जदार ‘सादर करा’ दाबतो, फाइल व्यवस्थित पोहोचते, तरी अर्ज मसुद्यातच पडून राहतो. त्रुटीचा संदेशही येत नाही, हे सगळ्यात तापदायक.

सबमिट इव्हेंटच्या ‘सबमिटर’मध्ये दाबलेलं बटण मिळतं. ते फॉर्मडेटाला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून द्यायचं. प्रमुख ब्राउझरांत ही सोय २०२३मध्ये आली. जुन्या ब्राउझरसाठी नाव आणि मूल्य ‘अपेंड’ने जोडावं लागतं.

दोनदा क्लिक होऊ नये म्हणून बटण लगेच डिसेबल करण्याची सवय चांगली, पण क्रम चुकला तर तीच नडते. डिसेबल केलेला घटक फॉर्मडेटात धरला जात नाही. म्हणून आधी फॉर्मडेटा, मग डिसेबल. ‘कंटेंट-टाइप’ हेडरही स्वतः लिहू नये. त्यात तुकड्यांमधली खूण राहून जाते आणि सर्व्हरला काहीच वाचता येत नाही. बटणाचं नाव ‘सबमिट’ ठेवणं तर टाळावंच: त्यामुळे फॉर्मची त्याच नावाची मेथड झाकली जाते.

दोष शोधताना कोडआधी डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडावा. पाठवलेल्या माहितीत बटणाचं नाव नसेल तर चूक ब्राउझरकडच्या कोडमध्ये; असेल तर सर्व्हरकडे पाहावं.