गालाखालचा धागा कोणता?

सोलापुरात सुताचा नंबर कुणाला समजावून सांगावा लागत नाही. नंबर चढला की सूत बारीक. चाळीसचं सूत विसापेक्षा नाजूक. ओघळलेला चेहरा शस्त्रक्रियेशिवाय उचलण्यासाठी कातडीखाली धागे घालतात, त्याला थ्रेड लिफ्ट म्हणतात. त्या धाग्यांच्या जाडीचा हिशेबही असाच उलटा चालतो : पाकिटावर ५-० असेल तर तो धागा २-० पेक्षा बारीक. शुक्रवार पेठेतली एखादी ताई-मावशी यासाठी दवाखान्याची पायरी चढणार असेल, तर तिने दर विचारण्याआधी धागा विचारावा, असं मला कळकळीनं वाटतं. एकाच नावाखाली अगदी निरनिराळी कामं करणारे धागे घातले जातात.

आधी धागा कशाचा, ते बघू. १९९० च्या दशकात डॉ. मार्लेन सुलामानिद्झे यांनी काटेरी धाग्यांची पद्धत रूढ केली, तेव्हा धागा पॉलिप्रोपिलिनचा असे. तो विरघळत नाही. सरकला, टोचू लागला, तर शोधून काढावा लागतो. आता बहुतेक ठिकाणी विरघळणारे धागे वापरतात. त्यात सर्वांत प्रचलित पीडीओ, म्हणजे पॉलिडायोक्सॅनोन. हा मुळात शस्त्रक्रियेत टाके घालण्याचा धागा. शरीरातल्या पाण्याने त्याचे रेणू तुटत जातात आणि साधारण सहा ते आठ महिन्यांत तो नाहीसा होतो. पीएलएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्लाचा आणि पीसीएल म्हणजे पॉलिकॅप्रोलॅक्टोनचा धागा त्याहून जास्त टिकतो. धाग्याभोवती शरीर नवं कोलॅजन तयार करतं, म्हणून धागा विरल्यावरही थोडा परिणाम राहतो. पण ताणलेपण बहुतेकांचं वर्षभरात बरंचसं ओसरतं. कुणी पाच-दहा वर्षांची हमी देत असेल, तर तिथून उठावं.

दुसरी गोष्ट घडणीची, आणि खरी मेख इथेच आहे. गुळगुळीत, एकेरी मोनो धागा काहीच उचलत नाही. तो बारीक सुरकुत्यांच्या जागी जाळीसारखा पसरवतात, त्वचेचा पोत सुधारावा म्हणून. सुईभोवती पिळलेला स्क्रू धागा खोलगट जागी जरा भर देतो. गाल वर घ्यायचा असेल तर कॉग, म्हणजे काटेरी धागाच लागतो. काही पीएलएलए धाग्यांवर काट्यांऐवजी बारीक शंकू असतात. काटे कापून केले असतील तर तिथे धाग्याचा गाभा बारीक होतो आणि ताकद घटते. साच्यात घडवलेले काटे जास्त भार पेलतात. गाल ओघळलेल्या बाईला वीस-तीस मोनो धागे घालून ‘लिफ्ट झालं’ सांगणं ही माझ्या मते फसवणूक आहे.

काटेरी धागा घालताना चेहऱ्यावर खुणा बाईला बसवूनच करतात, कारण आडवं झालं की गाल आपसूक मागे जातो. कानशिलाजवळ केसांच्या रेषेत भुलीचं इंजेक्शन देऊन एक छिद्र पाडतात. त्यातून धागा भरलेली, बोथट टोकाची पोकळ नळी कातडीखालच्या चरबीच्या थरातून हनुवटीच्या दिशेनं सरकवतात. थर चुकून चालत नाही : वर राहिली तर गालावर खळगा पडतो, खोल गेली तर चेहऱ्याच्या नसेला किंवा लाळग्रंथीला इजा होऊ शकते. नळी बाहेर काढली की धागा आत उरतो. मग डॉक्टर धागा हलकेच ओढतात, काटे ऊतीत रुततात, गाल वर सरकतो. बाहेर उरलेला धागा कापला की टोक आत जातं.

नंतर सूज, काळंनिळं, चावताना ओढ हे काही दिवस चालतं. दोन-तीन आठवडे पालथं झोपू नये, चेहरा चोळून घेऊ नये, तोंड मोठं उघडावं लागेल असं दातांचं काम पुढे ढकलावं. लाली आणि दुखणं वाढत गेलं, पू आला किंवा धाग्याचं टोक बाहेर डोकावलं, तर घरी न ओढता लगेच डॉक्टरांकडे जावं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, मधुमेह आटोक्यात नसेल, तर ते आधीच सांगावं. गरोदरपणात हे करूच नये. कातडी फार सैल लोंबत असेल तर धाग्याचा उपयोग नाही, तिथे प्लास्टिक सर्जनचा सल्ला घ्यावा.

हे काम त्वचारोगतज्ज्ञाचं किंवा प्लास्टिक सर्जनचं आहे, ब्युटी पार्लरचं नव्हे. पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फोडायला सांगावं. त्यावर धाग्याचं नाव, जाडी, बॅच नंबर, मुदत आणि परवाना क्रमांक असतो. त्याचा फोटो काढून ठेवावा. पुढे कधी गाठ आली किंवा धागा काढायची वेळ आली, तर दुसऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न हाच असतो : आत कोणता धागा आहे?