डोळे मिटायला सांगण्याआधी

आषाढ पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो आणि कुळगाव-बदलापूरच्या वस्त्यांतल्या विहारांत संध्याकाळी माणसे जमू लागतात. वंदना, त्रिशरण-पंचशील, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ ग्रंथाचे वाचन आणि बऱ्याच ठिकाणी शेवटी दहा मिनिटे ध्यान. उल्हास नदीच्या पुराचा काळही नेमका हाच. 26 जुलै 2005 चा पूर वर्षावासातच आला. 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली आणि हजारभर प्रवाशांना बाहेर काढावे लागले, तेही वर्षावासाचेच दिवस. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत असतो आणि आत कोणीतरी सांगत असते, “डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या.” ज्या बाईने छातीभर पाण्यात उभे राहून लेकरू डोक्यावर धरले असेल, तिला डोळे मिटल्यावर काय दिसेल?

अशी बाई दोन मिनिटांत उठते. छाती धडधडते, घाम येतो, श्वास पुरत नाही. मग आजूबाजूच्या बायका म्हणतात, “मन चंचल आहे हिचं.” पुढच्या दिवशी ती येतच नाही. दोष तिच्या मनाचा नसतो. जीवावरचे संकट येऊन गेले तरी शरीरातली धोक्याची घंटा कधी कधी बंद होत नाही. एखादा आवाज, वास, अंधार पुरतो आणि शरीर पुन्हा त्या प्रसंगात जाते. याला मनावरचा आघात म्हणतात. तो पुराचाच असतो असे नाही. कारखान्यातला स्फोट, रेल्वेचा अपघात, घरातली मारहाण, लहानपणी झालेला अत्याचार, जातीच्या नावाने झालेला हल्ला, काहीही असू शकते. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात 11 जुलै 1997 च्या गोळीबारात 10 जणांचा जीव गेला. तो आवाज ज्यांनी जवळून ऐकला, त्यांच्यापैकी कोणी आजही फटाका वाजल्यावर दचकत असेल तर नवल नाही.

श्वास सगळ्यांना शांत करतो, हा आपला समज अर्धाच खरा आहे. जो बुडता बुडता वाचला किंवा ज्याचा गळा कोणी दाबला, त्याच्यासाठी श्वास हीच भीतीची जागा असते. 2017 मध्ये अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या संशोधकांनी बौद्ध परंपरेतल्या साधकांच्या मुलाखती घेऊन ध्यानात येणाऱ्या अडचणींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात भीती, घबराट आणि जुने आघात पुन्हा वर येणे यांची नोंद आहे.

हे ऐकून कोणाला वाटेल, ध्यानावर शंका घेणे म्हणजे धम्मावर शंका घेणे. तसे नाही. संयुत्त निकायात वैशालीचा एक प्रसंग आहे. भगवंतांनी भिक्खूंना शरीराच्या अशुभतेचे ध्यान सांगितले आणि पंधरा दिवस ते एकांतात राहिले. परत आले तर संघ विरळ दिसला. त्या ध्यानाने अनेकांच्या मनात स्वतःच्या देहाविषयी घृणा भरली होती आणि काहींनी जीव दिला होता. आनंदाने विनंती केली, दुसरी पद्धत सांगावी. तेव्हा भगवंतांनी उरलेल्या भिक्खूंना एकत्र बोलावून आनापानसति शिकवली. ‘तुमचीच साधना कमी पडली’ असे तिथे कोणाला सुनावलेले नाही. एका पद्धतीने माणसाला इजा होते हे दिसल्यावर पद्धत बदलली. आपल्या विहारातला ध्यान घेणारा कार्यकर्ता एवढे नक्की करू शकतो.

ते करायचे कसे? सुरुवातीलाच मोठ्याने सांगावे: डोळे उघडे ठेवले तरी चालतील, नजर जमिनीवर किंवा बुद्धमूर्तीवर ठेवा. बसवत नसेल तर उभे राहा, मागे फिरा, बाहेर जाऊन या, कोणी विचारणार नाही. हे सगळ्यांना सांगायचे, कोणा एकीला बाजूला घेऊन नव्हे. दार आतून लावू नये, दिवा घालवू नये. श्वास नको वाटला तर तळपाय लादीला टेकलेले आहेत ते जाणावे, हातातल्या वाटीचा गारवा जाणावा, पंख्याचा आवाज ऐकावा. चंक्रमण म्हणजे सावकाश चालत केलेले ध्यान, तेही तितकेच अस्सल आहे. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे, झोपणे या चारही अवस्थांत सजग राहायला सांगितले आहे. आपण मात्र मांडी घालून बसण्यालाच ध्यान धरून बसलो आहोत. आघात झालेल्या माणसाला दहा मिनिटेही जास्त होतात. दोन मिनिटे पुष्कळ झाली.

एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. रडणारी, थरथरणारी बाई लगेच दिसते, पण दगडासारखा स्थिर बसलेला माणूस बघून आपण म्हणतो, काय छान समाधी लागली! कधी कधी तो तिथे नसतोच. मन सुन्न होऊन कुठेतरी निघून गेलेले असते, हाक मारली तरी पोहोचत नाही. अशा वेळी गर्दी करू नये, न विचारता अंगाला हात लावू नये. समोर बसून हळू आवाजात नाव घ्यावे, डोळे उघडायला सांगावे. आज कोणता वार आहे, आपण कुठे बसलो आहोत, समोर काय काय दिसते, असे विचारावे. पाणी द्यावे. काय घडले होते ते सगळ्यांसमोर खोदून विचारू नये.

पटाचारेची कथा आपल्याला ठाऊक आहे. नवरा, मुले, आईबाप सगळे गमावून ती उघड्या अंगाने हिंडत होती. लोक तिला हाकलत होते. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले, भानावर ये म्हटले, कोणीतरी अंगावर वस्त्र टाकले. उपदेश त्यानंतर. ज्या बाईला आज रात्री घरी गेल्यावर मार बसणार आहे, तिला ध्यान शिकवणे म्हणजे मार सोसायला शिकवणे. तिला आधी सुरक्षित जागा हवी. महिला हेल्पलाइनचा नंबर 181 आहे. अत्याचार झाला असेल तर तक्रार आणि न्याय हेही बरे होण्याचाच भाग आहेत. लेकराने काही सांगितले तर 1098. ऑगस्ट 2024 नंतर बदलापुरात हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही.

दहा दिवसांच्या निवासी शिबिराबद्दलही विचारणा होते. शिबिरे वाईट नाहीत, पण ताज्या आघातानंतर दहा दिवस मौनात बसणे अनेकांना झेपत नाही. अर्जात मानसिक आजार आणि औषधे विचारतात, तिथे खरे लिहा. शिबिरासाठी डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका.

मोठ्या धक्क्यानंतर काही आठवडे झोप उडणे, दचकणे स्वाभाविक आहे. पुष्कळांचे आपल्या माणसांच्या आधाराने कमी होते. महिना उलटूनही तीच स्वप्ने पडत असतील, कामावर जाववत नसेल, दारू वाढली असेल किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर मानसोपचार घ्यावा. जीव देण्याचा विचार येत असेल तर महिनाभर थांबू नका, त्याच दिवशी मदत मागा आणि त्या माणसाला एकटे सोडू नका. आघातासाठी बोलून करायचे खास उपचार आहेत आणि ते गुणकारी आहेत. ध्यान त्यांच्या सोबत चालू शकते, त्यांच्या जागी नाही. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयात बाह्यरुग्ण विभाग आहे, दाखल व्हावेच लागते असे नाही. तिथवर जाणे जमत नसेल तर टेली-मानस, 14416. फोन फुकट आहे, चोवीस तास लागतो आणि मराठीत बोलता येते. हा नंबर विहाराच्या फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, ग्रंथवाचनाच्या वेळापत्रकाच्या शेजारी.